तळटीप १४: ‘हेडमास्तर’

१४. औंढा नागनाथच्या गावकऱ्याच्या तोंडी येथे आलेला ‘हेडमास्तर’ म्हणजे शाळेतला कोणी नव्हे. शंकरराव चव्हाण (१९२०–२००४). पैठणला जन्म, कायद्याची पदवी, पुढे हैदराबाद मुक्तिसंग्राम, नांदेडचे नगराध्यक्षपद आणि दोनदा (१९७५–७७, १९८६–८८) महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद. केंद्रात ते गृहमंत्री व अर्थमंत्रीही होते. शिस्तीच्या करडेपणामुळे हे टोपणनाव पडले. मात्र औंढ्याच्या संदर्भात ही मोठी पदे दुय्यम ठरतात. १९६०च्या दशकात राज्याचे पाटबंधारे खाते त्यांच्याकडे होते, आणि त्याच दशकात, १९६८ साली, पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे पूर्ण झाली. सिद्धेश्वर औंढा तालुक्यातच आहे. (तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा १९९९चा.) धरण एका मंत्र्याचे नसते, आराखडा अभियंत्यांचा आणि जमीन विस्थापितांची, हा आक्षेप रास्तच आहे. पण कोरडवाहू मराठवाड्यात पाण्यासाठी पैसा आणि तगादा दोन्ही लागत. तगाद्याचे काम चव्हाणांनी चिकाटीने केले. जायकवाडीच्या उभारणीतही त्यांचा वाटा मोठा होता. त्यामुळे प्रस्तुत उताऱ्यातील ‘हेडमास्तरांचं पाणी’ हा शब्दप्रयोग श्रेयाच्या दृष्टीने अतिशयोक्त आहे, निराधार नाही.