कागदावरची पुसट रेघ : पाणबुडी, माणूस आणि संगणक

१/ शीतयुद्धात अमेरिकेने अटलांटिकच्या तळाशी जलध्वनिग्राहकांच्या रांगा पसरल्या. सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या या गुप्त यंत्रणेचे नाव ‘सोसस’. तिचे ऑपरेटर समुद्राचा आवाज मुख्यतः कानांनी ऐकत नसत; कागदावर वाचत असत. त्या वाचनाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ बेल प्रयोगशाळेत मानवी वाणीचे चित्र काढणारे उपकरण तयार झाले होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेच तत्त्व पाण्याखालच्या ध्वनीला लावले गेले. हेच ‘लोफार’ तंत्र. कागदावर आडवी कंपनसंख्या, उभा काळ. इंजिनाचा वा पंख्याचा अखंड सूर तेथे उभी रेघ होऊन उमटे.

३/ पण समुद्र कधीच निःशब्द नसतो. व्यापारी जहाजे, वादळे, देवमासे या सर्वांची त्या कागदावर गर्दी. पुसट रेघ खरी की भास, हे ठरवण्यासाठी ऑपरेटर तासन्‌तास डोळे लावून बसत. खरी रेघ नजरेतून सुटली, तर अण्वस्त्रवाहू पाणबुडीच निसटायची.

४/ १९७२ मध्ये एडवर्ड फायगेनबॉम, पेनी नी आणि सहकाऱ्यांनी संरक्षण खात्याच्या निधीतून ‘हॅस्प’ प्रकल्प हाती घेतला. त्यांनी केवळ संकेतांच्या गणितावर भिस्त ठेवली नाही. निष्णात विश्लेषक विचार कसा करतो, हे त्यांनी समजून घेतले.

५/ विश्लेषक नुसती रेघ पाहत नसे. परस्परांच्या पटीत येणाऱ्या रेघा एकाच फिरत्या भागाच्या असू शकतात. अमुक मार्गाने व्यापारी जहाजे जातात. अमुक बातमी नुकतीच आली आहे. असे ठोकताळे संगणकात नियम म्हणून घातले गेले.

६/ रचना एखाद्या सामाईक फळ्यासारखी. रेघांवरून ध्वनीचा उगम, उगमावरून जहाज, असे अनुमान पायरीपायरीने वर चढे. उलट, जहाज ओळखू आले की आणखी कोणत्या रेघा शोधायच्या, हेही ठरे.

७/ पुढे मायटर संस्थेने या प्रणालीची परीक्षा घेतली. मर्यादित सागरी परिस्थितीत तिचे निष्कर्ष तज्ज्ञाच्या तोडीचे ठरले. यातील ‘मर्यादित’ हा शब्द विसरू नये.

८/ यंत्राने माणसावर मात केली, अशी ही कथा सांगण्याचा मोह होतो. पण त्या यंत्रात साठवलेले शहाणपण कागदावर डोळे शिणवणाऱ्या माणसांचेच होते. संगणकाचा इतिहास वाचताना त्यामागचे हे अनुभवी डोळेही शोधायला हवेत. (समाप्त)