आयडोलॉन आणि मूर्ती

ग्रीक ‘आयडोलॉन’ हा शब्द ‘रूप’ या अर्थाच्या ‘आयडोस’पासून झालेला आहे. होमरच्या काव्यात तो मृतांच्या छायेसाठी येतो: दिसणारी, पण मिठीत न सापडणारी आकृती. ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या ग्रीक भाषांतरकारांनी परदैवतांच्या प्रतिमांना हेच नाव दिले. इ. स. ५५च्या सुमारास करिंथकरांस लिहिताना पौलाने एकीकडे तिला निव्वळ शून्य ठरविले, तर दुसरीकडे तिच्यापुढील बळी भुतांना पोचतो, असे बजावले. ख्रिस्तासाठी मात्र त्याने ‘आयकॉन’ हा निराळा शब्द वापरला.

मराठी बायबलात ‘आयडोलॉन’साठी ‘मूर्ती’ रूढ झाली, आणि अर्थ जणू उलटाच झाला. ‘मूर्त’ म्हणजे घनरूप झालेले, आकारास आलेले. ‘आयडोलॉन’ ही पोकळ छाया. शिवाय प्राणप्रतिष्ठेमुळे मूर्ती पूज्य ठरते. मूळ शब्दातच असलेली निंदा मराठीत बाहेरून जोडावी लागली.

हा भेद केवळ कोशापुरता नव्हता. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. मंगेश, शांतादुर्गा यांना फोंड्याकडे हलवावे लागले. त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्सने पुराणाचा घाट आणि ओवी स्वीकारून ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले.

मूर्तीची चिकित्सा मराठीला अपरिचित नव्हती. तुकारामांनी देव आणि पायरी यांतला पाषाण एकच मानला, पण निर्णय भावावर सोपविला. पौलाच्या शब्दात या भावाला जागा नव्हती. ‘मूर्ती’ या शब्दातून मात्र तो वगळता येत नाही.