सावत्र मुलाचे मन

वाचकहो, ‘सावत्र’ हा शब्द कानी पडला की जाच करणारी आई आणि कोपऱ्यात कुढणारे मूल, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. कहाण्यांनी आपल्याला तेच शिकवले. पण जुने कागद चाळले म्हणजे हे मन इतके सरळ नसते, असे ध्यानी येते. संभाजीराजांचेच पाहा ना.

१६५७ साली पुरंदरावर त्यांचा जन्म झाला. आईचे दूध पुरेना, म्हणून कापूरहोळची धाराऊ दूधआई झाली. १६५९ साली सईबाई वारल्या, तेव्हा हे बाळ अवघे सव्वादोन वर्षांचे होते. आजीने, जिजाबाईंनी, त्यांना वाढवले. त्याही १६७४ साली गेल्या. दरम्यान १६७० साली सोयराबाईंच्या पोटी राजाराम जन्मले. मुलगे दोन आणि गादी एक!

एप्रिल १६८० मध्ये शिवाजीमहाराजांनी देह ठेवला. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. इकडे रायगडावर सोयराबाई आणि काही मंत्री यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले आणि संभाजीराजांना कैद करण्याचा बेत केला. पण सेनापती हंबीरराव मोहिते, म्हणजे सोयराबाईंचे भाऊच, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. बेत फसला.

आता अशा मुलाने काय लिहावे? त्याच वर्षी संभाजीराजांनी बाकरे घराण्यातल्या एका ब्राह्मणाला संस्कृत दानपत्र दिले. सोयराबाईंचे मन स्फटिकासारखे निर्मळ, ते मंत्र्यांनी कलुषित केले, असा त्यातला आशय आहे. कोणी म्हणेल, हे राजकारण. असेलही. पण सारा राग मंत्र्यांच्या माथी मारून त्यांनी आईचे नाते तेवढे वाचवले, हे विसरू नका.

पुढे गोष्ट गोड झाली नाही. १६८१ साली पुन्हा कट झाला, मंत्र्यांना देहदंड मिळाला, त्याच वर्षी सोयराबाईही वारल्या. धाकट्या भावाला मात्र राजांनी धक्का लावला नाही. १६८९ साली राजे पकडले गेले, तेव्हा येसूबाईंनी आपल्या लहानग्या शाहूऐवजी याच सावत्र दिराला पुढे केले.

गुरुजी, आपल्या वर्गातही असे एखादे मूल असेल. ‘आई चांगली आहे, पण...’ असे म्हणून ते थांबेल. त्या ‘पण’पाशी आपणही जरा थांबावे. राग आणि माया एकाच मनात नांदत असतात. त्यांतले एकच खरे, असे त्याच्याकडून वदवून घेऊ नये.