आख एकाचा, सांगाडा दुसऱ्याचा

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप तुम्ही निदान सिनेमात तरी पाहिली असेलच. दिसायला सगळ्या एका छापाच्या. पण त्या बनवल्या प्रामुख्याने दोन कंपन्यांनी, ओहायोतल्या टोलेडो गावच्या विलीजने आणि मिशिगनच्या फोर्डने. दोघींच्या मिळून ६ लाखांहून अधिक. १९४१ च्या अखेरीस फोर्डला काम देताना लष्कराची अट अशी होती की फोर्डने विलीजच्याच आराखड्याबरहुकूम गाडी बनवायची आणि एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डचे मन मात्र मानेना. त्यांनी आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवले. आज जुन्या जिपा जमवणारे लोक भिंग घेऊन हे ‘एफ’ शोधत बसतात. दुसरी खूण चासीची. पुढच्या बाजूचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. गंमत अशी, की बऱ्याच गाड्यांत चासी विलीजची निघते आणि निम्मे बोल्ट फोर्डचे. युद्धात दुरुस्ती करताना कोण बघतो कुणाचे काय ते!

हे सगळे मला सुचायचे कारण माझा भाचा. घरच्यांना ठाऊक आहेच की तो कोलोरॅडोत असतो आणि त्याला जुन्या पिकअप ट्रकांचे वेड आहे. तो सांगतो, “मामा, केबिन १९७१ ची, चासी १९७८ ची, मागचा ॲक्सल तिसऱ्याच गाडीचा.” आता मी मराठी माध्यमातला बी.ए., जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मला पाना धरता येत नाही. पण हे शक्य तरी कसे होते, हा प्रश्न इतिहासाचाच आहे असे वाटले आणि मागे लागलो.

मुळात ॲक्सल म्हणजे आपल्या बैलगाडीचा आख. फरक इतकाच की इथे आख पोकळ असतो, त्याच्या पोटात चाकांना फिरवणारे दांडे असतात आणि मध्ये दातेरी चक्रांचा गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. फोर बाय फोर गाडीत असा गोळा पुढेही असतो आणि मागेही. आणि पुढची चाके वळायला हवीत म्हणून तिथे सांधे लागतात.

हा सांधा हीच सारी गोम. क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने १९०३ साली मोटारीसाठी सांध्याचे पेटंट घेतले आणि १९०४ मध्ये कारखाना काढला. (पुणेकरांनो, औंधच्या कॉलेजचे नाव ज्यांच्यावरून पडले ते स्पायसर वेगळे, ते मिशनरी होते.) १९१४ मध्ये चार्ल्स डाना या कारखान्यात आले, पैसा उभा केला, आणि १९४६ मध्ये कंपनीचे नावच डाना झाले. तोवर हा कारखाना टोलेडोला गेलेला होता, म्हणजे विलीजच्या गावातच. जीपचे ॲक्सल याच स्पायसरचे. तेही नव्याने शोधलेले नव्हेत. १९४० मध्ये बँटम कंपनीने जीपचा पहिला नमुना ४९ दिवसांत करून दिला, तेव्हा नवे ॲक्सल घडवायला वेळच नव्हता. स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या मोटारीचा स्पायसरने बनवलेला आख घेऊन त्यातच फेरफार केले.

म्हणजे बघा, गाडीवर नाव कुणाचेही असो, खालचा आख बाहेरून विकत घेतलेला असे आणि विकणारे मोजकेच होते. युद्धानंतर पिकअप ट्रकांत हेच चालू राहिले. विलीजने १९४७ मध्ये चारही चाके ओढणारा पिकअप काढला. डॉजने आपल्या लष्करी गाडीवरून १९४६ मध्ये पॉवर वॅगन काढली. फोर्ड आणि शेव्हरोले यांना मात्र बराच काळ हे आपले काम वाटलेच नाही. ज्याला फोर बाय फोर हवी त्याने साधा ट्रक घ्यावा आणि दुसऱ्याकडून तो बदलून घ्यावा! फोर्डचे ट्रक १९३५ पासून मार्मन-हेरिंग्टन ही इंडियानापोलिसची कंपनी बदलून देई. शेव्हरोलेसाठी मिनिआपोलिसच्या नॅपको कंपनीचा जोडसंच मिळे. शेव्हरोलेने १९५७ मध्ये तोच संच आपल्या कारखान्यात बसवून द्यायला सुरुवात केली, आणि फोर्डने १९५९ मध्ये स्वतःचा फोर बाय फोर ट्रक आणला. तेव्हा भाचा घरी जे करतो तो काही नवा उद्योग नव्हे. या गाड्यांचा जन्मच अदलाबदलीतून झाला.

या हेरिंग्टन साहेबांचा आपल्या देशाशी एक धागा आहे. १९४२ मध्ये अमेरिकेचे जे तांत्रिक शिष्टमंडळ हेन्री ग्रेडी यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानात आले, त्यात आर्थर हेरिंग्टन होते. क्रिप्स आले नि गेले हे आम्ही पोरांकडून घोकून घेत असू. त्याच दिवसांतले हे ग्रेडी शिष्टमंडळ मात्र पाठ्यपुस्तकात कधी आले नाही.

आता अदलाबदल करताना अडते कुठे ते सांगतो, कारण यातले गणित मला फार आवडले. एकाच घराण्याचा ‘डाना ६०’ हा ॲक्सल घ्या. बाहेरून दोन अगदी सारखे. एकात मोठ्या चक्राला ४१ दाते आणि लहानाला १०, दुसऱ्यात ४१ आणि ११. फरक एका दात्याचा. पहिल्यात चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१० फेऱ्या, दुसऱ्यात ३.७३. आता पुढे एक आणि मागे दुसरा बसवला आणि चारही चाकांना जोर दिला तर काय होईल? ७६ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४१८ फेऱ्या मारते. म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये दीडशेवर फेऱ्यांचे भांडण. चिखलात चाके घसरून ते भांडण मिटवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मिटवायला कुणी नसते, मग सांधा तरी तुटतो नाहीतर गिअर. म्हणून जाणता माणूस भंगारातून ॲक्सल आणला की आधी झाकण उघडून दाते मोजतो.

दुसरी अडचण बाजूची. डिफरन्शियलचा गोळा पुढच्या ॲक्सलवर बरोबर मध्ये नसतो, एका अंगाला असतो. १९७८-७९ च्या फोर्डला तो डावीकडे, त्या दशकातल्या शेव्हरोलेला उजवीकडे. मग एकाचा ॲक्सल दुसऱ्याखाली घालायचा तर ट्रान्सफर केसही बदलावी लागते, नाहीतर शाफ्ट तिरका जाऊन इंजिनाच्या बुडाखाली धडकायचा. पाटे किती रुंदीवर आहेत हेही पाहावे लागते. वेल्डिंग करून पाट्यांच्या बैठका हलवता येतात, पण त्या अंशाच्या हिशेबाने बसल्या नाहीत तर सुकाणू थरथरते. हे काम हौशी माणसाने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते भाच्यालाही कळवले आहे.

चासीचे प्रकरण याहून नाजूक. चासी बदलायचे कारण बहुधा मीठ. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चासीच्या पन्हाळीत साठते आणि वरून गाडी ठाकठीक दिसत असताना खालचा सांगाडा कुजतो. मग ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलुखातून दुसरी चासी आणायची. १९६७ ते १९७९ च्या फोर्ड पिकअपमध्ये हे थोडक्या फेरफाराने जमते, लांब ट्रकाच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १३१ इंचांवरून १३३ झाले एवढेच. हे फक्त अंगणात पाना घेऊन बसणाऱ्यांचेच काम असेही समजू नका. टोयोटाच्या पिकअपच्या चासी गंजल्याचे प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीत सुमारे १५ लाख गाड्या तपासण्याचे आणि लागेल तिथे कंपनीने चासी बदलून देण्याचे ठरले.

पण चासी बदलली की गाडी कोणती उरली? गाडीचा नंबर चासीवर कोरलेला असतो. केबिनवर एक नंबर, चासीवर दुसरा, आणि कागदावर त्यातला एकच. चोरीच्या गाड्या पचवायचा हाच राजमार्ग असल्याने तिकडे नंबर खोडणे किंवा बदलणे हा फेडरल गुन्हा आहे. प्रामाणिक माणसाला मग राज्याच्या तपासनिसाला गाडी दाखवून कागद दुरुस्त करून घ्यावे लागतात, आणि नियम राज्यागणिक वेगळे.

हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे, आणि तोही गाडीवरूनच. पाली ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला, म्हणजे ग्रीक मिनँडरला, विचारतात की रथ म्हणजे नेमके काय. आख का? चाके का? सांगाडा का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या सगळ्यांच्या मेळाला व्यवहारात दिलेले ते एक नाव आहे. (१९५० मध्ये बाबासाहेबांनी काढलेल्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाचे मिलिंद हे नाव याच राजाचे.) आरटीओच्या साहेबांचे उत्तर मात्र सोपे आहे. सांगाडा म्हणजेच रथ!

आपल्याकडे या घराण्याची शाखा पुष्कळ वाढली. युद्धानंतर लष्कराच्या उरलेल्या जिपा लिलावात निघाल्या, आणि १९४० च्या दशकाअखेर महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजची जोडणी सुरू केली. त्यांची ‘सीजे-३बी’ अमेरिकेत १९६८ मध्ये बंद पडली, आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. तिचा मागचा ‘डाना ४४’ म्हणजे भाच्याच्या अंगणातल्या ‘डाना ६०’ चा धाकटा भाऊ. तालुक्याच्या गावचे मिस्त्री या जिपांचे काय काय करत! मागून चासी वाढवायची, बाके टाकायची आणि काळी-पिवळी म्हणून वीस माणसे भरायची. मी स्वतः नोकरीत असताना मागच्या फळकुटावर उभा राहून शाळेला गेलो आहे. म्हणून जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असा निकाल दिला, तेव्हा जुन्या जिपांची हौस असलेले हळहळले तरी मला तो पटला. त्या वाढवलेल्या चासीवर पोरे बसलेली मी पाहिली आहेत. जुनी गाडी मूळच्याच जातीचा आख घालून जिवंत ठेवणे आणि तिची लांबी वाढवणे यांत कायद्याने आणखी बारीक फरक करावा, एवढेच माझे म्हणणे.

तिकडे कायद्याने नव्हे, कारखान्यांनीच ही अदलाबदल आटोक्यात आणली. फोर्डने १९८० मध्ये पुढचा अखंड आख मधोमध तोडून दोन तुकड्यांचा केला. शेव्हरोलेने १९८८ पासून पुढची चाके सुटी केली. त्यात बसणाऱ्याला सुख आहे, नाकारत नाही. पण मग पुढचा ॲक्सल दोन पाटे सोडून खालून ओढून काढण्याची सोय गेली. चाकांचेही तसेच. आपल्या बैलगाड्यांची चाके चाकोरीत बसतील अशाच अंतरावर ठेवावी लागत, तशी तिकडे फोर्ड, शेव्हरोले, डॉज या तिघांच्या पाऊणटनी ट्रकांना बरीच वर्षे एकच चाकोरी होती. चाकाला ८ बोल्ट, साडेसहा इंच व्यासाच्या वर्तुळावर. शेतकरी शेजाऱ्याचे चाक काढून आपल्या गाडीला लावू शकत असे. १९९९ मध्ये फोर्डने आपल्या नव्या ट्रकांसाठी ते वर्तुळ १७० मिलिमीटर केले. साडेसहा इंच म्हणजे १६५.१. पाच मिलिमीटरही पुरते नाहीत, पण चाक बसत नाही ते नाहीच. २०११ मध्ये शेव्हरोलेने १८० मिलिमीटर केले. आता बाजारात जाड धातूच्या कड्या मिळतात, एका अंगाला जुन्या मापाची आठ भोके आणि दुसऱ्या अंगाला नव्या मापाचे आठ बोल्ट.