स्नानसंस्कार : नवे जीवन, नवी ओळख

ख्रिस्ती जीवनाचा आरंभ स्नानसंस्काराने होतो. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या या संस्काराने मनुष्य पापमुक्त होतो, देवाचे लेकरू बनतो आणि ख्रिस्तसभेचा घटक होतो. यालाच संत पौल नवी निर्मिती म्हणतो. बुलढाणा जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. येथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी व विखुरलेली आहेत. त्यामुळे 'आपण कोण?' हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ धर्मशिक्षणाच्या वर्गातला नसून रोजच्या जगण्यातला आहे. त्यासंबंधी वारंवार विचारल्या जाणाऱ्या गोष्टींचा आम्ही येथे परामर्श घेत आहोत.

संस्कारातील चिन्हे

ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे आणि उठणे हा पाण्याचा अर्थ रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितला आहे. चैत्रात विहिरींचा तळ दिसू लागतो अशा आपल्या भागात पाणी म्हणजे जीवन, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बालकाच्या मस्तकावर होणारा पवित्र तेलाचा अभिषेक त्याला ख्रिस्ताच्या याजकीय, संदेष्टेपणाच्या व राजकीय सेवेत सहभागी करतो. शुभ्र वस्त्र ख्रिस्ताला परिधान केल्याची खूण आहे, तर पास्काच्या मेणबत्तीवरून पेटविलेला दिवा श्रद्धेचा प्रकाश जपण्याची जबाबदारी सांगतो.

नाव बदलावे लागते काय?

नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत संताचे नाव देण्यावर भर होता. १९८३ ची संहिता (कलम ८५५) एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव ठेवू नये. आशा, करुणा, आनंद, प्रकाश ही नावे तितकीच ग्राह्य आहेत. शौलाचा पौल झाला तो धर्मांतरामुळे, असा समज आढळतो. परंतु प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्याचे परिवर्तन नवव्या अध्यायात येते आणि पौल हे त्याचे दुसरे नाव तेराव्या अध्यायात सहज सांगितले जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट होते. त्यांनी आपले नाव सोडले नाही, मराठीही सोडली नाही. अभंग आणि ओवीतूनच ख्रिस्ताचे गुण गायिले. लक्ष्मीबाई टिळक यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. प्रथम त्या कटाक्षाने सोवळे पाळीत. पुढे जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे त्यांना पटले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितले आहे. नाव तेच राहिले, मन नवे झाले.

पूर्वी बाप्तिस्मा झाला असल्यास

वऱ्हाडात प्रॉटेस्टंट मिशनांचेही जुने कार्य आहे. पाण्याने व पवित्र त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभा मान्य करते. अशी व्यक्ती विवाहामुळे वा अन्य कारणाने कॅथलिक सहभागितेत आली तर तिला पुन्हा स्नानसंस्कार दिला जात नाही. हा संस्कार एकदाच होतो.

ओळखीची किंमत

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र वंचित राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०२२ साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. कागदावर एक आणि घरात दुसरी ओळख घेऊन जगणाऱ्या कुटुंबाची व्यथा आम्ही हलकी मानत नाही. पण दोष केवळ कायद्याचा नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात ख्रिस्तसभेतही जातिभेद असल्याचे मान्य केले. एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेऊन सोयरीक जुळविताना जात विचारली, तर जुना मनुष्य अद्याप गेलेला नाही असेच म्हणावे लागेल.

वचनांचे नूतनीकरण

संस्कार एकदाच होत असला तरी त्याची वचने वारंवार जागवावी लागतात. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली पास्का जागरणविधीला नवे रूप दिले, तेव्हा त्यात स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण समाविष्ट झाले. उपवासकाळ ही त्याचीच तयारी होय. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी समेट, घेतलेल्या उसनवारीची परतफेड, व्यसनाचा त्याग व पापनिवेदन, यांवाचून त्या रात्रीचे 'होय' पोकळ ठरते.

आपल्या स्नानसंस्काराची तारीख बहुतेकांना ठाऊक नसते. ती धर्मग्रामाच्या नोंदवहीत असते. ती शोधावी, घरातील वेदीजवळ लिहून ठेवावी आणि त्या दिवशी कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी. धर्मपिता व धर्ममाता यांनाही बोलवावे. आपला जन्मदिवस आपण साजरा करतोच. नव्या जन्माचा दिवस विसरू नये, ही आमची सर्व भाविकांना नम्र विनंती.