उसातला बिबट्या शेळीपेक्षा कुत्रंच जास्त खातो

पिंपळगाव बसवंत : निफाड तालुक्यात ऊसतोड सुरू झाली, की बिबट्या दिसल्याची बातमी येतेच. तो जंगलातून वाट चुकून आला, असं लोक म्हणतात. मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले शिवारात डॉ. विद्या अत्रेय यांच्या पथकाला वेगळंच आढळलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिथे शेतीपट्ट्यातच दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे राहत होते. विष्ठा तपासल्यावर कळलं, की खाद्यात वजनाने ३९ टक्के कुत्री, तर शेळ्या फक्त ११ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही!

म्हणून वस्तीजवळ उकिरडा, मेलेल्या कोंबड्या टाकू नका. त्यावर कुत्री जमतात अन् मागोमाग बिबट्या येतो. शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवा. बिबट्या दिसल्यास वनविभागाला १९२६ वर कळवा.