लाकडाचा दुसरा संसार

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शिलालेख, नाणी, ताम्रपट आणि जुनी कागदपत्रे येतात. लाकडाचे नाव या यादीत फार खाली असते. लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते, ते जळते. म्हणून ते मागे उरत नाही, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हे खरे असले तरी पुरते खरे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. लाकूड मागे न उरण्याचे आणखी एक कारण आहे. ते एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत निघून जाते. तुळईची चौकट होते, चौकटीचा पाट होतो, पाटाच्या खुंट्या होतात आणि उरलेला तुकडा चुलीत जातो. मोडक्या लाकडाच्या या प्रवासाकडे सोलापूर आणि त्याच्या शेजारच्या मुलखाच्या निमित्ताने पाहण्याचा आमचा विचार आहे.

जंगल नसलेला मुलूख

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा सरासरी पाऊस ५५० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. अशा हवेत माळरान आणि काटेरी झुडपे वाढतात, उंच सरळ खोडांचे सागवान वाढत नाही. त्यामुळे येथे लाकडाची विभागणी आपोआप झाली. बांधावरची बाभूळ नांगर, तिफण, कुळव आणि गाडीच्या चाकासाठी, लिंब दारे-खिडक्यांसाठी, आणि सागवान मात्र ज्याला परवडेल त्याने बाहेरून आणायचे. दूरवरून बैलगाडीने आणलेली तुळई घर पडले म्हणून कोणी टाकून देत नसे.

बारा बलुतेदारांतील सुताराचे काम पाहिले तरी हेच दिसते. लाकूड सहसा शेतकऱ्याचे असे आणि सुतार त्यावर मेहनत करी. वर्षाकाठी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. नव्या वस्तू घडवण्याइतकाच त्याचा वेळ जुन्या दुरुस्त करण्यात जाई. वाकस, करवत, किंकरे आणि रंधा एवढ्या हत्यारांवर तो मोडक्या गाडीच्या साटीतून घरातले बाजले उभे करी. या कामाची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार नाही, कारण त्यात पैशाचा व्यवहारच जवळजवळ नव्हता.

माळवदाचे गणित

या भागातले जुने घर म्हणजे माळवद. जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यावर किलच आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर किती मोठे हे ‘खणां’त मोजत. म्हणजे घराचे मापच लाकडाच्या सांगाड्यावरून ठरत होते. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारे कुसू, अशा सांध्यांनी हा सांगाडा जोडलेला असे. खिळे कमी असल्याने सांगाडा न फोडता उकलता येई आणि दुसरीकडे पुन्हा उभारता येई. लाकडाचा पुनर्वापर हा असा बांधणीतच योजलेला होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील अशी हजारो घरे कोसळली आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. लोकांचे प्राण मुख्यतः मातीत रचलेल्या अवजड दगडी भिंतींनी आणि छतावरच्या मातीच्या ओझ्याने घेतले. जेथे छताचा भार भिंतींवर न पडता लाकडी खांबांवर होता, तेथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिलेला तज्ज्ञांना आढळला. ढिगाऱ्यातून निघालेली लाकडे लोकांनी पुन्हा वापरात आणली. सारे गमावलेल्या कुटुंबाला आजोबांच्या घराची तुळई हा भांडवलाचा उरलेला भाग होता.

रेल्वे, गिरणी आणि खोकी

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि लाकडाचे भूगोलशास्त्र बदलले. दूरच्या जंगलातले लाकूड वखारीत येऊ लागले. १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी स्थापन झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या. त्या काळी यंत्रे विलायतेहून लाकडी खोक्यांत बंद होऊन येत. या खोक्यांचे हलके, पिवळसर लाकूड परदेशी पाइनचे असले तरी आपल्याकडे त्याला सरसकट ‘देवदार’ म्हणण्याची चाल पडली. खोके फोडून निघालेल्या फळ्यांच्या मांडण्या, पेट्या आणि स्टुले करणे हा गिरणगावांतल्या सुतारांचा नेहमीचा उद्योग.

गिरणीत लोखंडाइतकेच लाकूडही राबत होते. सूत गुंडाळायच्या बॉबिनसाठी आपल्याकडे हेदूचे लाकूड वापरात होते. त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो. धोट्यासाठी तर आणखी कठीण लाकूड लागे. मिनिटाला शेकडो नव्हे तरी दीडदोनशे वेळा आपटी खाऊनही त्याला ढलपी उडता कामा नये. परदेशात त्यासाठी पर्सिमॉन नावाच्या झाडाचे लाकूड नावाजलेले होते. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या प्रजातीतले. सोलापुरात एकीकडे धोट्याची खडखड आणि दुसरीकडे टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया. एकाच वनस्पती-कुळाने दोन्ही व्यवसायांना हात दिलेला आहे!

तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचे हातमागही लाकडाचेच होते. पुढे यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग छोट्या शहरांतील कारखानदारांनी विकत घेऊन चालवले, हा पुनर्वापराचाच मोठा अध्याय होय. मागे पडलेल्या हातमागाच्या दांड्या सरळ, जाड आणि वर्षानुवर्षे वाळलेल्या. सुताराच्या दृष्टीने हा तयार मालच.

जुने लाकूड चांगले का?

‘जुने लाकूड हलत नाही’ असे सुतार सांगतात. त्यात तथ्य किती?

ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भित्तिकांत. पोकळीतले पाणी गेले तर लाकूड हलके होते, पण आक्रसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की भित्तिकांतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आक्रसते. हे आक्रसणे सर्व दिशांना सारखे नसते. वर्षवलयांच्या दिशेने ते जास्त, त्रिज्येच्या दिशेने साधारण निम्मे आणि लांबीत नगण्य असते. म्हणून ओली फळी वाळताना पिळते, वाकते, तडकते. जुन्या तुळईत जे काही पिळायचे, तडकायचे होते ते होऊन गेलेले असते. सुताराच्या म्हणण्यातला खरा भाग एवढाच.

परंतु हवेशी देवाणघेवाण चालूच राहते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडातला ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास उतरू शकतो आणि पावसाळ्यात १४ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. सागवान पूर्ण ओलीपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने ५ ते ६ टक्के आक्रसते. या हिशेबाने २० सेंटिमीटर रुंदीची फळी एका वर्षात तीन-साडेतीन मिलिमीटर कमीजास्त होते. शंभर वर्षांची जुनी फळीही याला अपवाद नाही. म्हणून जाणता सुतार दाराचा दिलहा चौकटीच्या खाचेत सैल बसवतो, डकवत नाही.

जगातले सोबती

मोडीचे लाकूड वापरणे ही केवळ गरिबीची खूण मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले सागवानी ‘एच. एम. एस. गंगेज’ हे जहाज १८२१ मध्ये पाण्यात उतरले. १९३० च्या सुमारास ते इंग्लंडमध्ये मोडले गेले, पण त्यातील कप्तानाची खोली डेव्हन किनाऱ्यावरच्या बर्ग बेटावरील हॉटेलात बसवण्यात आली. जहाजांच्या सागवानाची बागेतली बाके करून विकणाऱ्या कंपन्याही तेथे होत्या. हॉलंडमध्ये खेरिट रिटफेल्ट या वास्तुकाराने १९३४ मध्ये खोक्याच्या फळ्यांची खुर्ची आखली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत लाकूडटंचाई पडली, तेव्हा भुसा आणि ढलप्या कृत्रिम राळेत दाबून तक्ते करण्याचा उद्योग सुरू झाला. आज दुकानात मिळणारी पार्टिकल बोर्डची टेबले ही त्याचीच संतती. गंमत अशी की हे टाकाऊ लाकडाचे टेबल एकदा भिजून फुगले की त्याचे पुढे काहीच करता येत नाही. सागवानी बाक चार वेळा जन्म घेतो. हा तक्ता एकदाच.

इतिहासकाराची अडचण

पुनर्वापराने संशोधकांपुढे एक कोडे टाकले आहे. कार्बन-१४ पद्धतीने लाकडाचे वय काढले, तर ते लाकूड झाडावर केव्हा वाढले याचे उत्तर मिळते. घर केव्हा बांधले याचे नाही. जुनी तुळई नव्या घरात वापरलेली असेल, तर घर आहे त्यापेक्षा पुरातन ठरण्याचा धोका असतो. पुरातत्त्वज्ञ याला ‘जुन्या लाकडाची समस्या’ म्हणतात. म्हणून एकाच वर्षात वाढलेले धान्याचे जळके दाणे मिळाले, तर कालमापनासाठी ते अधिक विश्वसनीय धरतात. तुळईवरची विनाकारण दिसणारी भोके आणि अर्धवट खाचा मात्र तिच्या आधीच्या संसाराची साक्ष देतात.

शाळेत काय करता येईल?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. वाडे आणि माळवदे पाडून सिमेंटची घरे झाली. त्यातले लाकूड आजही वखारीत आणि जुन्या बाजारात येते. विद्यार्थ्यांनी गावातल्या एखाद्या जुन्या दाराच्या किंवा बाकाच्या खाचा मोजून त्याचा पूर्वेतिहास लिहावा. एका फळीची रुंदी मे आणि ऑगस्टमध्ये मोजून फरक नोंदवावा. मोडक्या बाकाचे वजन करून कार्बनचा हिशेब मांडावा : कोरड्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते, म्हणजे दहा किलोचे बाक जाळले तर सुमारे १८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

मात्र सर्वच जुने लाकूड निर्धोक नसते, हे शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावे. रेल्वेच्या जुन्या स्लीपरना कुजू नये म्हणून क्रिओसोट पाजलेले असते. हे द्रव्य कर्करोगाला कारण ठरू शकते, तेव्हा त्याची बाके वर्गात नकोत आणि त्याचे तुकडे चुलीतही नकोत. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा खरवडू नये. परदेशी मालाच्या लाकडी चौकटीवर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि ते टाळावे.

शाळेच्या अडगळीत दरवर्षी काही बाके जमा होतात आणि सहसा जळणाच्या भावाने जातात. तीन मोडक्या बाकांतून एक धड बाक, एक मांडणी आणि विज्ञानाच्या तासाला मोजायला काही फळ्या सहज निघतील. ती विकण्यापूर्वी गावच्या सुताराला एकदा दाखवावीत. कोणते लाकूड अजून कामाचे आहे हे तो रंध्याचा एक हात मारून सांगतो, आणि त्याचे हे ज्ञान अद्याप कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेले नाही.